मोठ्या बाईंची यादी

मोठ्या बाई माणसाला त्याच्या नावाने हाक मारत नसत. त्याच्या शेवटच्या चुकीने मारत. गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये स्लाइड बनवणाऱ्या मुलाने एकदा डाव्या खांद्याची गाठ उजव्या खांद्याची म्हणून नोंदवली, त्या दिवसापासून तो 'डावा-उजवा' झाला. महिन्याभराने त्याने बाटलीवर लेबल उलटं चिकटवलं, मग तो 'उलटा' झाला. काउंटरवरची मुलगी 'तारीख', 'पत्ता' आणि 'मिस्टर की मिसेस' अशी तीन नावं भोगून लग्न करून सुटली. ती एकदा बाथरूममध्ये रडत बसली होती, तर बाईंनी दारावर टकटक करून सांगितलं, "रडून झालं की रजिस्टर घेऊन ये."

ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे आमच्याकडे बाटल्यांतून यायचे. डॉक्टर ते मायक्रोस्कोपखाली बघून चिठ्ठीवर निदान लिहायचे आणि त्या चिठ्ठीवरून रिपोर्ट टाइप करायचं काम बाईंचं. त्यांच्या हाताखाली मी. "डॉक्टर गाठ बघतात. पेशंट फक्त आपला कागद बघतो," असं त्या म्हणायच्या. म्हणून नियम होता: एकाने चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने टाइप केलेल्या कागदावर बोट फिरवायचं, आणि मगच तो कागद सहीला जायचा. दिवसाला चाळीस रिपोर्ट असले तरी चाळीस वेळा. माझा घसा बसला तर बाई गरम पाणी द्यायच्या, सुट्टी नाही.

मी कॉम्प्युटर शिकून आलेला, त्यामुळे मला हे सगळं मागासलेलं वाटायचं. वर्डच्या फॉर्ममध्ये निदानांची यादी टाकू, नाव टाइप करायलाच नको, निवडलं की झालं, असं मी बाईंना पटवलं. पण ती यादी पंचवीस नावांच्या पुढे जाईना. सव्विसावं घालायला गेलं की बटणच फिकं पडायचं. बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "म्हणजे नाशिककरांनी पंचवीस रोगांतच मरायचं का?"

ते मला लागलं. मी मॅक्रो, म्हणजे वर्डकडून काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, लिहायला बसलो. निदानाच्या चौकटीत गेलं की वेगळी खिडकी उघडावी, दुसऱ्या फाइलमधल्या तक्त्यातली सगळी नावं तिने दाखवावीत, आणि निवडलेलं नाव फॉर्ममध्ये बसवावं, अशी माझी योजना. बाईंनी वीस वर्षांची रजिस्टरं चाळून एकशे सत्त्याऐंशी नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लिहून दिली. मॅक्रो पहिल्यांदा चालला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. बाई म्हणाल्या, "चालतंय. नाचू नकोस." आणि चिठ्ठी वाचून दाखवायचा नियम तसाच ठेवला.

पुढे एका दुपारी मला तक्त्यावरची मथळ्याची ओळ नकोशी वाटली, म्हणून मी ती काढून टाकली. मॅक्रोतली, खिडकीत नावं भरणारी सूचना त्याप्रमाणे बदलली. निवडलेलं नाव उचलणारी सूचना बदलायची विसरलो. आता बोट एका नावावर पडायचं आणि कागदावर त्याच्या खालचं नाव यायचं. त्या दुपारी बाई बँकेत गेल्या होत्या. वणीहून आलेला एक माणूस आईचा रिपोर्ट मागत होता, त्याला बस गाठायची होती. मी नाव निवडलं, कागद काढला, दारात निघालेल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या सही केली. चिठ्ठी कोणी वाचलीच नाही. चिठ्ठीवर होतं लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ. यादीत त्याच्या खाली होतं लायपोसार्कोमा, म्हणजे कॅन्सर.

बाई आल्या, त्यांनी उरलेली प्रत आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली. ओरडल्या नाहीत. आधी त्या माणसाचा फोन लावला, तो बंद लागला. मग मला म्हणाल्या, "ऊठ. वणीची गाडी धर. स्वतःच्या तोंडाने सांग, मी चुकलो म्हणून. कॉम्प्युटर चुकला म्हणालास तर परत येऊ नकोस." डॉक्टर मध्ये पडायला बघत होते. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही थांबा, सहीवाले." डॉक्टर परत आत गेले.

वणीत पोचलो तेव्हा घरात माणसं जमली होती. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, तिचे हात मोकळे होते. मी चुकलो एवढं सांगायला मला तीन वेळा तोंड उघडावं लागलं. मुलगा अंगावर धावून आला, त्याला दोघांनी धरलं. म्हातारी म्हणाली, "आरं पोरा, मी तर दोन्ही सुनांना बांगड्या वाटून मोकळी झाले. आता परत मागू का? तूच सांग." कोणीतरी हसलं, आणि धाकटी सून तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मी पुरता मेलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा अख्खा मॅक्रो छापून घेतला आणि सगळ्यांसमोर ओळ न् ओळ मोठ्याने वाचायला लावला. चुकलेल्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारली. त्या दिवसापासून मी 'लायपोमा'. बाकीच्यांची नावं महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची, माझं बदलायचं नाव नाही. वर्षामागून वर्षं गेली. नवीन आलेली मुलंही मला लायपोमा दादा म्हणायला लागली. एकदा न राहवून मी म्हणालो, "बाई, आता तरी बदला." "काम कर," त्या म्हणाल्या. मला वाटायचं, बाई डूख धरून आहेत.

गेल्या वर्षी बाईंच्याच नावाची बाटली आली. त्या सुट्टी न घेता खुर्चीत बसून होत्या. डॉक्टर चिठ्ठी घेऊन बाहेर आले. बाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, वाचली आणि माझ्याकडे दिली. मी सवयीने यादी उघडली. त्या रोगाच्या बरोबर वरचं नाव साध्या गाठीचं होतं. माझी नजर तिथे अडकलेली बाईंनी ओळखली. "यादी बंद कर. माझं हाताने टाइप कर. आणि एक ओळ वर सरकवायचा विचारही करू नकोस."

मी टाइप केलं. "आता चिठ्ठी वाच."

"बाई, नको."

"दोघांनी तपासल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. वाच."

मी त्यांचं नाव वाचलं, वय वाचलं, रोगाचं नाव वाचताना आवाज फुटला. कागदावरचं त्यांचं बोट थांबलं. "पुन्हा. स्पष्ट." मी पुन्हा वाचलं. "बरोबर आहे. लायपोमा, दोन प्रती काढ." त्या दिवशीसुद्धा त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारू नये याचा मला राग आला होता.

चार महिन्यांनी बाई गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचे मिस्टर दारात उभे होते. मी नाव सांगितलं, लॅबचं सांगितलं. त्यांना काही ओळख पटेना. शेवटी मान खाली घालून म्हणालो, "मी लायपोमा."

त्यांनी माझा हात धरला. "अरे, मग तसं सांग ना! रोज तुझं नाव निघायचं घरात. बाकीच्यांची सारखी बदलायची, माझ्या लक्षात राहायची नाहीत. मी एकदा विचारलंसुद्धा तिला, या एकाचंच का गं बदलत नाही? तर म्हणाली, मेला त्यानंतर चुकलाच नाही."