आमच्या पुढे गेलेली गाडी

मिरजेहून निघालो तेव्हा सकाळचे सहा वाजून गेले होते, आणि तक्त्याप्रमाणे आम्ही वीस मिनिटं मागे होतो. हा तक्ता मी फेब्रुवारीतच करून स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला होता. कुठे चहा, कुठे जेवण, मुलांचे पाय मोकळे करायला कुठे थांबायचं, सगळं त्यात होतं. मुलांना घेऊन स्वतःच्या गाडीनं समुद्रावर जायचं हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. गाडी दोन मालक बघून आमच्याकडे आलेली, भडक पोपटी रंगाची. माझा नवरा अविनाश तो रंग बदलून घेणार होता, पण मुलांनी घेऊ दिला नाही; गाडीचं नावच त्यांनी 'पोपट' ठेवलं होतं.

निघायच्या दहा दिवस आधी सहा वर्षांचा मिहिर जिन्यावरून पडला आणि त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये गेला. सहल रद्द होणार म्हणून अकरा वर्षांची ओवी दोन दिवस जेवली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पाण्यात उतरू देऊ नका, बाकी खुशाल जा." त्या आनंदात ओवीनं प्लास्टरवर हिरव्या पेनानं मोठा ऑक्टोपस काढला.

आजरा सोडल्यावर वळणांनी मिहिरला उलटी झाली. मी त्याच्यावर ओरडले, मग ओरडल्याचं वाईट वाटून त्याचं तोंड पुसलं. आंबोलीला पोचलो तर मे महिना असूनही ढग रस्त्यापर्यंत उतरलेले. समोरची एसटी दिवे लावून येत होती आणि अगदी जवळ आल्यावरच एसटी आहे हे कळत होतं. रस्त्याकडेला एका टपरीवर थांबलो. कढईसमोरच्या बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि झारा तसाच हातात धरून म्हणाली, "परत इलात? काय इसारलात काय?" (परत आलात? काही विसरलात का?)

"आम्ही आत्ताच येतोय," मी म्हटलं.

"नाय गो बाय. मगाशी तर थांबललात. हिरवी गाडी, हो प्लास्टरवालो झील. भजी बांधून घेतलात नि गेलात." (हाच प्लास्टरवाला मुलगा.)

आम्ही हसलो. ढगात कोणाचं कोण दिसलं असेल, असं अविनाश म्हणाला. ती मात्र हसली नाही. मिहिरच्या प्लास्टरवरच्या ऑक्टोपसकडे बघत तिनं चहा गाळला.

घाट उतरल्यावर ऊन कडक झालं. सावंतवाडी, कुडाळ मागे टाकून कसालला डावीकडे मालवणच्या रस्त्याला लागलो. तांबडी माती, चिऱ्यांची कुंपणं, काजूच्या बागा, आणि उघड्या काचेतून पिकल्या आंब्यांचा वास. माझं मन पुन्हा थाऱ्यावर आलं. कट्टा गावात पाणी आणि केळी घ्यायला उतरले. दुकानदार म्हातारे होते. त्यांनी केळी कागदात गुंडाळली, चष्म्यावरून गाडीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "चेडवाक आता बरा वाटता?" (मुलीला आता बरं वाटतंय का?)

"कुठल्या मुलीला?"

"तुमच्या. अर्ध्या तासापूर्वी पाणी घेतलात तेव्हा चेडू रडत होता. किती समजावलात, पण काय गप होयना."

मागे वळून पाहिलं. ओवी काचेतून डोकं बाहेर काढून सगळं ऐकत होती. "आई," ती म्हणाली, "मी रडले नाहीये."

मी केळी मुलांच्या हातात दिली आणि आम्ही निघालो. थोड्या वेळानं एका चढावर मिहिर ओरडला, "तो बघा आपला पोपट!" मी पुढे पाहिलं तोवर रस्ता वळला होता. अविनाशला काही दिसलं नव्हतं, मलाही नाही. ओवीला दिसलं होतं. "मागच्या काचेतून एक मुलगी बघत होती," एवढंच ती म्हणाली. अविनाशनं वेग वाढवला. पुढचे दोन-तीन किलोमीटर रस्ता सरळ होता आणि त्यावर एकही गाडी नव्हती.

आमची राहायची सोय मालवणच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका वाडीत होती. अडीच वाजता पोचलो. माडांमध्ये कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं (अंगण), आणि घरामागून समुद्राकडे उतरणारी वाळूची पाऊलवाट. घरच्या काकी दारात आल्या आणि आम्हाला बघून जागीच थांबल्या.

"तुमी वर कधी इलात?"

"म्हणजे?"

"तासाभरापूर्वी गाडी इली. मी चुलीकडे होतंय. खिडकीतून बघलंय, चौघय उतरलात नि सरळ खाली खडपाकडे गेलात. मी हाक मारलंय, जेवान जावा. कोणी मागे बघूक नाय." खडप म्हणजे समुद्रात शिरलेला खडक.

ओट्यावर चार ताटं मांडलेली होती. आतून माशाच्या आमटीचा वास येत होता. अविनाश घाम पुसत म्हणाला, "दुसरे कोणी पाहुणे असतील, काकी. फिरून येतील वर."

"हय दुसरा कोण येवक नाय," काकी म्हणाल्या. (इथे दुसरं कोणी आलेलं नाही.) "आणि आता भरती लागली. खडपाभोवती पाणी चढता." मग त्यांनी ओवीकडे पाहिलं, कारण ओवी रडायला लागली होती. हुंदके देत ती म्हणाली, "आई, खाली जा. आत्ता जा."

काकींनी दोन्ही मुलांना जवळ घेतलं. त्यांचे यजमान, काका, मागच्या पडवीतून दोर घेऊन आले आणि आम्ही तिघं वाटेनं धावत उतरलो. धावतानाच माझ्या लक्षात आलं, की वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. वाट झाडून ठेवल्यासारखी होती.

खाली पोचल्यावर आधी काहीच दिसलं नाही. लाटांच्या आवाजात दुसरं काही ऐकूही येत नव्हतं. मग काकांनी बोट दाखवलं. खडपाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर पाचेक वर्षांची मुलगी होती. ते आणि किनारा यांच्यामध्ये पाणी उसळत होतं.

अविनाश कृष्णेत पोहायला शिकलेला. समुद्रात तो कधी उतरला नव्हता. काकांनी त्याच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक आम्ही दोघांनी धरलं. तो दोनदा लाटेखाली गेला आणि दोन्ही वेळा पुन्हा वर आला. आधी मुलगी आली, मग आजोबा. माझ्या तळहातांची सालटी निघाली होती, हे मला संध्याकाळी कळलं.

ते बांद्याचे निवृत्त शिक्षक. नातीला शंख दाखवायला पलीकडच्या देवळाकडून, दुसऱ्याच वाटेनं उतरले होते. स्कूटर तिकडेच उभी होती. त्यांना खाली जाताना कोणी पाहिलं नव्हतं.

मी मुलीला ओढणीत गुंडाळलं. ती शांत होती. माझ्या खांद्यावरून समुद्राकडे बघत म्हणाली, "ती ताई थयच रवली." (ती ताई तिथेच राहिली.)

"कुठली ताई?"

"रडत होती ती. माका म्हणाली, भियां नको, माझी आई येता." (मला म्हणाली, घाबरू नको, माझी आई येतेय.)

अविनाश ते ऐकताच पुन्हा पाण्यात शिरला. काकांनी दोर ओढून त्याला थांबवलं. खडपाच्या टोकावरून लाट जात होती आणि तिथे कोणी नव्हतं. आजोबा म्हणाले, "आम्ही दोघंच होतो हो. दुसरं कोणी नव्हतं."

वर आलो तेव्हा ओवी काकींच्या मांडीवर झोपली होती. दोन तास ती उठली नाही. उठल्यावर तिला भूक लागली होती, आणि ती कशासाठी रडली हे तिला सांगता येईना. खळ्याबाहेरच्या मऊ मातीत चाकांच्या खुणा फक्त आमच्याच गाडीच्या होत्या. काकींना मी एकदाच विचारलं, की हे काय होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. "माका ठावक नाय," त्या म्हणाल्या. "पण तुमी इलात ता बरा झाला."

पुढचे दोन दिवस आम्ही तक्त्याप्रमाणे काढले. किल्ला पाहिला, सोलकढी प्यायलो, वाळूत खेळलो. मिहिर खूश होता. खडपाच्या टोकाकडे मात्र आमच्यापैकी कोणीच फार वेळ पाहत नव्हतं.

परत निघताना अविनाशनं न विचारताच आचऱ्याकडे गाडी वळवली. कणकवलीवरून फोंडा घाट. कट्टा नाही, आंबोली नाही. मी तक्ता काढलाच नाही. घाट चढून वर आल्यावर चहाला थांबलो. चहावाल्यानं आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मिहिरच्या हाताकडे पाहिलं. आम्ही चौघंही त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"या वाटेनं पहिल्यांदाच आलात जणू?" तो म्हणाला.

"हो, पहिल्यांदाच!" ओवी इतक्या मोठ्यानं म्हणाली की तो दचकला.

रात्र पडायच्या आत मिरजेत पोचलो. त्या आजोबांचा अधूनमधून फोन येतो. नात शाळेत जायला लागली आहे. आमच्या पुढे कोण गेलं होतं, ते मला कळलेलं नाही आणि आता मी शोधतही नाही. लोकांना हे सांगताना मी म्हणते, की काकींचं बोलणं ऐकलं आणि आम्ही लगेच खाली धावलो. ते खरं नाही. सहा तासांचा प्रवास आठ तासांचा झाला होता, पोटात कावळे ओरडत होते, समोर ताटं मांडलेली होती, आणि "आधी जेवून घेऊ" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ओवी रडली नसती, तर मी ते बोलले असते.