प्रश्न विचारल्यानंतर

मुख्याध्यापिका झाल्यापासून चार वर्षांत मी एकही तास घेतला नव्हता. गेल्या आठवड्यात स्व-मूल्यमापनाचा तक्ता भरत होते. ‘सहकाऱ्यांना बोलतं करता का?’ या प्रश्नापुढे मी ‘नेहमी’ असं लिहिलं आणि सहज समोरच्या सहावीच्या वर्गाकडे पाहिलं. नव्याच आलेल्या सुजाताबाई फळ्यावर त्रिकोण काढून नुसत्या उभ्या होत्या. मुलं विचारात पडली होती. मला एकदम हातात खडू हवासा वाटला, अगदी मनापासून.

तास संपल्यावर मी त्यांना विचारलं, “उद्या हा तास मला द्याल? तुम्ही मागे बसा आणि माझं काय चुकतं ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी रंगून शिकवलं. नंतर सुजाताबाई चाचरत म्हणाल्या, “छान झालं, मॅडम. फक्त प्रश्न विचारून तुम्ही थांबत नाही. उत्तरही तुम्हीच देता.”

पूर्वी मी थांबत असे. एखाद्या मुलीच्या ओठांवर उत्तर येईपर्यंतचा तो वेळ मला फार आवडायचा. वर्गापासून दूर गेले याची खंत होतीच, पण उत्तराची वाट पाहत थांबणारी ती शिक्षिकाही माझ्यातून निघून गेली, हे मला कळलंच नव्हतं.

शनिवारी शिक्षकांच्या बैठकीत मी विचारलं, “शाळेत काय बदलावंसं वाटतं?” आणि गप्प बसले. ती शांतता सोसणं अवघड होतं. दोनदा शब्द ओठांपर्यंत आले, ते मी गिळले.

अखेर एरवी कधीच न बोलणारे चित्रकलेचे सर म्हणाले, “बरेच दिवस सांगेन म्हणत होतो.”