सुभेदारांची मागची सीट

आमच्या गल्लीत संध्याकाळी बायका कट्ट्यावर बसल्या की कुणाची सून, कुणाचा संपलेला गॅस, कुणाचं गुडघ्याचं तेल असे विषय निघतात. माझी पाळी आली की सगळ्या सावरून बसतात. "हां, आता गाडीचं सांगा!" किस्से जमवायला मला कुठं जावं लागत नाही. नवरा ठार बहिरा असावा आणि त्याला मोटरसायकल सुटू नये, बाकीचं सगळं रस्ता पुरवतो. त्या हसतात, मीही हसते. पण सांगताना अजूनही माझ्या तळहातांना घाम येतो, तो त्यांना दिसत नाही.

*

आमचे सुभेदार तोफखान्यात होते. तोफांनी दोन्ही कान नेले. पेन्शन घेऊन रहिमतपूरला आले तेव्हा जवळ जाऊन ओरडलं तर थोडंफार कळायचं. आता फक्त ओठ बघून कळतं. डॉक्टरांनी कानातलं मशीन दिलं, पण ते घालून वर हेल्मेट चढवलं की आत शिट्ट्या सुरू! "कानात कुकर लागलाय," म्हणून त्यांनी मशीन काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. ते अजून तिथूनच ऐकतंय.

मुलगी मनीषा सांगलीला असते. ती आली आणि सरळ म्हणाली, "बाबा, गाडी विका."

"गाडी इकून मी काय करू? पापड लाटू?"

"लाटा की! त्याला ऐकू यावं लागत नाही."

दोन दिवस घरात हेच भांडण चाललं. शेवटी तह झाला. बाबांनी एकट्यानं गाडीवर बसायचं नाही, मागं आई पाहिजे. एकटे दिसले की किल्ली सांगलीला जाणार, ती कायमची. यात माझं मत कुणी विचारलंच नाही!

दुसऱ्या दिवशी अंगणात माझी परेड झाली. उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे मागून गाडी येतेय, डावीकडं घ्या. दोन थापा म्हणजे हळू. दोन्ही खांदे दाबले की थांबा.

मी विचारलं, "आणि मला भीती वाटली तर?"

त्यांनी माझे ओठ नीट वाचले, जरा विचार केला आणि म्हणाले, "त्याला सिग्नल न्हाई."

*

आपल्याकडं रस्त्यावर कुणी कुणाला ओळखत नसलं तरी गाडीचा स्टँड खाली राहिला की अख्खा रस्ता नातेवाईक होतो. टपरीवरून, एसटीच्या खिडकीतून, समोरच्या गाडीवरून आरोळ्या. "ओ काका, स्टँड!" आमचे काका आपले सरळ बघून चाललेले.

एकदा कोरेगावच्या रस्त्याला मागं एक गाडी चिकटली. मान वळवून बघते तर तोंडाला मफलर गुंडाळलेला माणूस, आणि एक हात माझ्या दिशेनं करतोय! एका हातानं गळ्यातलं गंठण मुठीत धरलं आणि दुसऱ्यानं सुभेदारांच्या खांद्यावर थापांचा मारा सुरू केला. ते डावीकडं सरकले. त्या माणसाला नेमकं डावीकडूनच यायचं होतं, आणि मी ह्यांना आणखी डावीकडं दाबत होते. जरा अजून सरकलो असतो तर तिघंही ओढ्यात!

शेवटी तो कसाबसा आत घुसला, पाय लांब केला आणि चालत्या गाडीवर आमचा स्टँड लाथेनं वर उडवला. तेव्हा मला त्याच्या गाडीला लटकलेल्या दुधाच्या किटल्या दिसल्या.

"काकी," तो ओरडला, "गंठण सांभाळा, पर स्टँड बी सांभाळा!"

*

समोरच्या गाडीवाल्यांनी मूठ उघडझाप केली की आपला दिवा दिवसाढवळ्या चालू राहिलाय, एवढं कुणालाही कळतं. पण सुभेदारांना वाटतं लोक मान देतात. कुणी हात हलवला की ह्यांचा सॅल्यूट ठरलेला. आता तर आमच्या रस्त्यावरचे निम्मे लोक आधीच सॅल्यूट ठोकून मोकळे होतात.

हाच खेळ साताऱ्याच्या एका चौकात झाला. ट्रॅफिकवाल्यानं हात वर केला. सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि गाडी तशीच पुढं. शिट्टी कितीही वाजवली तरी ह्यांना काय! मी दोन्ही खांदे दाबले तेव्हा कुठं थांबले. पोलीस पळत आला, धापा टाकत. वाटलं, आता लायसन जातंय, मनीषाला कळतंय, सगळं संपतंय.

"सायेब, त्येंना ऐकू येत न्हाई," मी म्हटलं.

"मग मागच्या गाडीचा हॉर्न कुणाला ऐकू येतो?"

"मला. मी खांद्यावर थाप मारते."

तो माझ्या उघड्या डोक्याकडं बोट करून म्हणाला, "मग काकी, हेल्मेट तुमी पयलं घाला. हॉर्नच फुटला तर ह्येंनी काय करायचं?"

त्याच दिवशी माझं हेल्मेट आलं. लाल रंगाचं. सुभेदारांनी निवडलं.

*

महिन्यातून एकदा मिलिटरी कॅन्टीनला साताऱ्याला जायचं तर आमची फौज निघते. पुढं निकम हवालदार, मधे आम्ही, मागं शौकतभाई. शौकतभाई फौजेतले नव्हेत, त्यांचं गॅरेज आहे. पण "वहिनी, मागनं ट्रक आला तर पयला माझ्याव येऊ दे," म्हणून ते कायम शेवटी चालतात. असं कुणी बोललं की बरं वाटतं, आणि राग पण येतो. ट्रक कुणावरच कशाला यायला पाहिजे?

एकदा ह्यांच्या उजव्या खांद्यावर भलामोठा किडा बसला. मी पटकन मारला. बस, सिग्नल तो सिग्नल! सुभेदार डावीकडं वळले. मी घाबरून आणखी एक थाप मारली. ते आणखी डावीकडं! कच्चा रस्ता, उकिरडा, शेवगा, आणि थेट एका घराच्या अंगणात. मागून शौकतभाई काही न विचारता आत आले. पुढं गेलेले निकम आम्ही दिसेना म्हणून परत फिरले आणि तेही आत.

अंगणात धान्य निवडत बसलेली बाई धडपडून उठली. तीन गाड्या, पांढऱ्या मिशा, मधे नऊवारीत मी. ती घरात तोंड करून ओरडली, "आगं ये, साडी नेस! पोरगी बघाय पावणं आल्यात!" मग आमच्याकडं वळून, "आवं, येनार म्हून कळवायचं तरी!"

खरं काय ते सांगेपर्यंत पोहे झाले होते. आमच्याकडं लग्नाचा मुलगा नाही, काही नाही हे कळल्यावरही त्या माऊलीनं आम्हाला खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. सुभेदारांनी पोरीच्या हातावर ओवाळणी ठेवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "जागा बरी शोधलीस."

*

हा पुढचा किस्सा मी कट्ट्यावर सांगत नाही.

थंडीत सांगलीहून परत येत होतो. ऊसतोडीचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, रस्ता अरुंद, दिवस कलायला आलेला. समोर उसाची ट्रॉली आणि मागं टँकर. टँकरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी थाप मारली, काही नाही. परत मारली. सुभेदार रस्त्याच्या मधोमध, ट्रॉलीला ओलांडायच्या बेतात. तेव्हा ध्यानात आलं, मनीषानं बाबांना नवीन जाकीट घेतलं होतं, खांद्यात हा एवढा कापूस! माझी थाप आत पोचतच नव्हती. मी बुक्क्या मारल्या. ओरडले. कुणाला ओरडत होते देव जाणे.

तेवढ्यात कुठून तरी एक गाडीवाला आला आणि टँकर आणि आमच्या मधल्या जागेत शिरला. एक हात मागं करून टँकरला "थांब, थांब" असं दाबत राहिला. टँकर तसूभर पुढं सरकला असता तर पहिला तो गेला असता. रस्ता रुंद होईपर्यंत तो आमच्या मागून हलला नाही. मग शेजारून पुढं जाताना हात वर केला आणि गेला. हेल्मेटची काच काळी होती, तोंड दिसलं नाही.

घरी आल्यावर मी रडले. सगळं ऐकून, म्हणजे बघून, सुभेदारांनी हेल्मेट उचलून खुंटीला लावलं. मग म्हणाले, "मला सांगायचं न्हाईस का? सॅल्यूट तरी केला आसता."

त्याच रात्री मी जाकिटाचे दोन्ही खांदे उसवून कापूस काढून टाकला.

*

आता परवाचं.

पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन दाखवावं लागतं. आमची बँक साताऱ्याला. आणि नेमका माझा पाय मुरगळला, प्लास्टर चढलं. निकम लेकाकडं पुण्याला, शौकतभाई लग्नाला. "एष्टीनं जातो," सुभेदार म्हणाले. मी बरं म्हटलं. पाच मिनिटांत अंगणात किक मारल्याचा आवाज. लंगडत दारात पोचेपर्यंत गाडी गल्लीच्या टोकाला. मी हाका मारल्या. बहिऱ्या माणसाला पाठमोऱ्या हाका!

फोन करून उपयोग नाही. मनीषाला सांगावं तर किल्ली गेली, आणि गाडी गेली की हा माणूस चार महिन्यांत खचेल हे मला पक्कं ठाऊक. न सांगावं आणि काही झालं तर? दुपारी भाकरी तशीच झाकून ठेवली. दिवसभर रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न मला ऐकू येत होता, आणि प्रत्येक वेळी माझा हात आपोआप वर उचलला जात होता. समोर खांदा मात्र नव्हता.

तिन्हीसांजेला गाडी आली. मागच्या सीटवर एक म्हातारासा अनोळखी माणूस, डोक्याला टोपी, मांडीवर पिशवी. त्याचा उजवा हात सुभेदारांच्या उजव्या खांद्यावर होता.

"एकटा गेलोच न्हाई मी," मी तोंड उघडायच्या आत सुभेदार म्हणाले. "जाताना बी मागं मानूस, येताना बी. सांग मनीषाला!" आणि पाय धुवायला मोरीवर गेले.

म्हातारा हळूहळू उतरला. पाय आखडले होते त्याचे. मी पाणी दिलं.

"साताऱ्यापास्नं माहुलीपातुर एक मास्तर हुतं मागं," तो सांगू लागला. "त्ये उतरलं आन् मला बसीवलं. एक थाप, दोन थापा, समदं नीट सांगून. लय जोखमीचं काम हाय वो, वहिनी."

"तुम्ही रहिमतपुरात कुणाकडं आलाय?"

"कुनाकडंच न्हाई. मी कोरेगावचा. थितंच उतरायचं हुतं मला."

"मग इथवर कसे आलात?"

"कोरेगावात लय येळ थांबलो. म्होरच्या वाटंला मागं बसाय कुनी मिळंना." त्यानं पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि पिशवी उचलली. "आता माघारी जायला यष्टी कवा हाय?"