आत्ता, आत्ता

परवा पुण्याच्या पाहुण्यांना सोलापुरातली विणकरांची जुनी वस्ती पायी दाखवायला निघालो आणि वाटाड्या मीच रस्ता चुकलो. ‘तेलंगणातून आलेली कुटुंबं इथंच वसली,’ असं ठणकावून सांगितलं, तर समोर नुसती भिंत! तेवढ्यात सुताच्या खळीचा आंबूस वास आला आणि मी तरुणपणीच्या एका सकाळी जाऊन पोचलो.

इथल्याच एका बोळातल्या पद्माला मागणी घालायला एकटाच गेलो होतो. दारात तिची आई रहाटावर सूत भरत होती. मराठी जावई तिला नको होता.

“कवा आलास?” तिनं वर न बघताच विचारलं.

चपला काढता काढता माझ्या तोंडून “आत्ता, आत्ता,” एवढंच निघालं.

रहाट थांबला. तेलुगूत सासूला ‘अत्ता’ म्हणतात, हे मला कुठं ठाऊक!

“माझी सासू हितं आली, तिला मराठी यायला लई वर्षं गेली,” ती हसत म्हणाली. “तू तर उंबऱ्यावरच आमचं बोलायलास की! बस, चहा घे.”

तेव्हा नुसता सुटलो असं वाटलं. आज कळतं, त्या बोळात त्या दिवशी नवखा मी होतो.

पद्मा कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मी तर ‘आत्ताच आलो’ एवढंच म्हणत होतो, हे तिला सांगून टाकलं; ‘अत्ता’चा अर्थ तिच्याकडूनच कळला.

“आईला कळू देऊ नका,” ती म्हणाली, “आणि उद्यापासून तेलुगू शिकायला लागा.”