शेजारच्या मेजावरचा मासा

उज्जैनच्या कोठीवरच्या कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, अर्ज लिहून देणाऱ्यांची जी ओळ बसते, तिच्यातली पहिली जागा माझी. ती मला कुणी दिलेली नाही. मी ती मिळवली. ग्वाल्हेर दरबारच्या अमदानीत मी तेथे बसू लागलो. दरबार गेला, मध्यभारत आला, मग तोही गेला. कचेरीवरची पाटी पुनःपुन्हा रंगवली गेली, परंतु माझी सतरंजी हलली नाही. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे आहे. मात्र माझी एक दरख्वास्त वाचून खुद्द तहसीलदारांनी ‘ही कोणत्या वकिलाची?’ अशी चौकशी केली होती, एवढे नमूद करून ठेवतो.

नवा प्रांत झाला त्या हिवाळ्यात दप्तरांची गाठोडी नव्या राजधानीला, भोपाळकडे निघाली आणि ज्याला त्याला अर्जाची गरज पडू लागली. कुणाची पेन्शन ग्वाल्हेरच्या कागदांत अडकली, कुणाची बदली झाली, कुणाची व्हायला हवी ती होईना. आमच्या धंद्याला इतके बरकतीचे दिवस क्वचितच आले असतील. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या शेजारी, दुसऱ्या जागेवर बसणारा गृहस्थ मुंबईहून मासा घेऊन आला.

हा गृहस्थ आमच्यातलाच, मराठी, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून चालत गेलेली. शाई माझी, कारण दौत तो माझ्याकडून उसनी नेई. चुलतबहिणीच्या लग्नाला म्हणून मुंबईस गेला आणि शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानातून हा जीव काचेच्या बरणीत घालून, आगगाडीत मांडीवर धरून उज्जैनपर्यंत आला.

मासा अंगठ्याएवढा. रंग ओल्या कुंकवाचा, कडेला निळी झाक, आणि पर असे की शालूच्या निऱ्या पाण्यात सोडल्या आहेत असे वाटावे. दुकानदाराने त्याचे नाव ‘फायटर’ सांगितले होते. हा एकटाच ठेवावा लागतो, जातभाई शेजारी आला की त्याला फाडतो. शेजारी बरणी मेजावर ठेवी आणि पक्षकार जमले की खिशातला आरसा काचेला लावी. लगेच मासा गालफडे फुगवी, पर ताठ करी आणि आरशावर धावून जाई.

“अपने आप से ही लड़ रहा है, देखो,” म्हणून लोक हसत.

मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. आपल्या जागेत दुसरा येऊन बसलेला दिसला तर कोण स्वस्थ राहील?

पंधरवडाभरात परिस्थिती अशी झाली की खेड्यातून आलेला माणूस फाटकातून थेट माझ्यासमोर येई, हात जोडी आणि विचारी, “मुंशीजी, वो मछलीवाले बाबूजी कौन से हैं?” मी टाकाने दाखवीत असे. ज्या हाताने तहसीलदारांना चकित केले त्या हाताने मी पक्षकारांना शेजारच्या मेजाची वाट दाखवीत होतो. याला कुणी मत्सर म्हणोत. मी त्याला माझ्या हक्काची जाणीव म्हणतो, आणि ती मला दिवसभर होत असे. त्याच्याकडे चार माणसे थांबली की माझ्या टाकाचे टोक मोडे.

आता उज्जैनच्या माणसाला मासा दिसला की काय होते हे सर्वश्रुत आहे. रामघाटावर क्षिप्रेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालण्याचे पुण्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तेव्हा कचेरीत येणारा जो तो घरून चिमूटभर कणीक भिजवून आणू लागला. मुकदमा जिंकण्यापूर्वी एक गोळी, जिंकल्यावर दोन. शेजारी कुणालाच नको म्हणेना. पक्षकाराला नको म्हणण्याची त्याची रीतच नव्हती. बरणीतले पाणी ताकासारखे दिसू लागले. आणि एके सकाळी मासा तळाशी आडवा पडलेला आढळला. पोट टम्म, पर मिटलेल्या छत्रीसारखे, रंग विटकरीच्या चुऱ्यासारखा उतरलेला. आरसा लावला तर त्याने पाहिलेही नाही.

“काका,” शेजारी म्हणाला, “एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचारा.”

“तुम्ही याच्याकडे दिवसभर इतके काय बघता?”

मी उत्तर देण्यापूर्वी, पेन्शनीसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालणारे एक वृद्ध जमादार तेथे बसले होते, ते खोकून म्हणाले, “नज़र लगी है, बाबूजी। सीधी बात है।”

माझे नाव कुणीही घेतले नाही. ओळीतले सगळे माझ्याकडे वळले, इतकेच.

आमचा धंदा नावावर चालतो. ज्याच्या नजरेने मासा मरतो, त्याच्याकडून आपल्या पेन्शनीचा अर्ज कोण लिहवून घेईल? मासा त्या मेजावर मेला असता तर माझी पहिली जागा त्याच्याबरोबर गेली असती. मी उठलो, बरणी उचलली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “हा मी घरी नेतो. बरा करून ह्याच मेजावर आणून ठेवीन.”

शालीखाली बरणी धरून मी टावरच्या चौकातून रेल्वेचा पूल ओलांडून देवास गेटला घरी पोहोचलो. आमच्या घरात मासा यायचा तर तो दिनदर्शिकेवरच्या मत्स्यावताराच्या रूपानेच. मंडळींनी दारातच अडवले.

“अहो, हे काय आणलेत?”

“शेजाऱ्याचा मासा. आजारी आहे.”

“मग वैद्याकडे न्यायचा. अर्ज लिहून बरा होणार आहे का तो?”

“याला माझी नजर लागली असे लोक म्हणतात.”

तिने बरणीकडे बघितले. मग माझ्याकडे बघितले. “लोक म्हणजे अगदीच वेडे नसतात,” म्हणाली आणि मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन आली. बरणीवरून एकदा उतरवल्यासारखे केले आणि मग मूठ माझ्यावरून ओवाळू लागली.

“आजारी मासा आहे. माझी दृष्ट का काढतेस?”

“जिथून लागली तिथून काढतेय. हलू नका.”

तिने मोहऱ्या-मिरच्या चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, परंतु मिरच्यांचा ठसका कुणालाच आला नाही. ठसका न येणे म्हणजे दृष्ट जबर होती, असा बायकांचा सिद्धांत आहे. मुठीत उरलेले मीठ तिने बरणीत सोडले आणि हात धुतले.

उपचार मी केला. पाणी बदलले, ताजे न घालता कालचे भरून ठेवलेले घातले, म्हणजे त्याला गारठा लागू नये. माळव्यातली थंडी, आणि हा जीव उष्ण मुलुखातला दिसत होता, सबब बरणी चुलीपासून हातभर अंतरावर ठेवण्याची परवानगी मी मंडळींकडून मिळवली. कणकेची गोळी टाकून पाहिली. तो तोंड फिरवून पडून राहिला. एका संध्याकाळी धुराने गुंगलेला एक डास पाण्यावर पडला. कितीतरी दिवस न हललेला मासा वर आला, आणि डास दिसेनासा झाला.

तेव्हा मला खरा प्रकार उमगला. अर्जदार शाकाहारी नव्हता. सगळ्या उज्जैनने मिळून त्याला पुण्य चारले होते आणि ते त्याला पचले नव्हते.

मी त्याला उपास घडवला. पोट उतरल्यावर प्रश्न आला तो आहाराचा. देवास गेटच्या तांगा अड्ड्यावर घोड्यांना पाणी पाजण्याचा हौद आहे. त्याच्या कोपऱ्यात डासांच्या अळ्या वळवळताना मी पाहिल्या होत्या. धोतराचा सोगा खोचून, हातरुमाल पसरून मी हौदावर ओणवा झालो असता एका तांगेवाल्याने हटकले.

“क्या ढूँढ रहे हो मुंशीजी? अँगूठी गिर गई?”

“सरकारी काम है,” मी म्हणालो.

“तो घोड़े को हटा लूँ?”

“राहू दे. रहने दो.”

अळ्या घरात आणण्यावर मंडळींनी एकच अट घातली. त्या बाहेर ओट्यावर भरवायच्या आणि भरवून झाल्यावर आंघोळ करूनच आत यायचे. अशा रीतीने त्या माशाच्या प्रत्येक जेवणाला मी एक थंड पाण्याची आंघोळ केली आहे. आणि तो? तिच्या बांगड्या वाजल्या की काचेशी येऊन उभा राही. मी समोर गेलो की शेपटी करी. मला हे लागले, आणि मी तिला तसे सांगितलेही.

“जनावराला माणूस कळतो,” ती भाकरी थापता थापता म्हणाली.

हळूहळू पर उलगडले. निळी झाक परत आली. संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मी दाढीचा आरसा काचेला लावला. तो थबकला, गालफडे फुगली, आणि असा सूड घेतल्यासारखा आरशावर गेला की माझ्या हातातून आरसा निसटता निसटता राहिला. मी तो पुन्हा लावला. त्या दिवशी मी कचेरीत उशिरा गेलो.

परत करायचे माझ्या मनात नव्हते, हे लिहिण्यास हरकत नाही. परंतु शब्द दिला होता, आणि माझे नाव त्या बरणीत होते. मी ती सर्वांदेखत शेजाऱ्याच्या मेजावर ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. मी कणकेविषयी, अळ्यांविषयी आणि गारठ्याविषयी काही वाक्ये जुळवून नेली होती. घसा साफ केला तोच तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला.

“उपकार झाले, काका. काकूंना माझा नमस्कार सांगा.”

“काकूंचा यात काय संबंध?”

“आमची ही सांगत होती. हळदीकुंकवाला काकू म्हणाल्या म्हणे, दृष्ट तुमचीच काढली.” त्याने आवाज उतरवला. “मिरच्यांचा ठसकासुद्धा आला नाही म्हणे.”

“मैंने तो पहले ही कहा था,” वृद्ध जमादार म्हणाले.

मी अळ्यांचे सांगितले. घोड्यांच्या हौदाचे सांगितले. लोकांनी ऐकून घेतले, मान डोलावली, आणि कुणी ते मनावर घेतले नाही. मासा बरा झाला तो माझी दृष्ट काढल्याने, सबब मासा आजारी पडला तो माझ्या दृष्टीने. मीच दिलेला पुरावा माझ्याविरुद्ध दाखल झाला होता.

धंदा मात्र बुडाला नाही. उलट काही दिवसांनी नागद्याकडचा एक शेतकरी आपल्या भाऊबंदाविरुद्धची फिर्याद घेऊन आला, शेजाऱ्याला सोडून माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, “मुंशीजी, ज़रा नज़र गड़ा के लिखना। सामने वाले को लगना चाहिए।” तसे पुष्कळ येऊ लागले. मी लिहिले. मी ज्या कारणासाठी प्रसिद्ध व्हावे असे मला वाटत होते, ते हे नव्हते.

शेजाऱ्याने बरणीच्या फक्त माझ्या बाजूला भैरवगढच्या छापाच्या कापडाचा पडदा बांधला. रागाने नव्हे, मोठ्या नम्रतेने. “वाईट वाटून घेऊ नका, काका,” म्हणाला. आठवड्यातून एकदा मी बाटलीभर अळ्या नेत असे. त्याचा हात पडद्याखालून बाहेर येई आणि बाटली आत जाई. पलीकडे आरसा लागला की पक्षकार हसत. कोणत्या क्षणी पर ताठ होतात ते मला त्या हसण्यावरून कळे. पहिल्यांदाच कचेरीत आलेल्या, सहीसुद्धा न येणाऱ्या माणसालाही तो पाहता येत होता. अलीकडे बसून मला दिसे ते कापड, आणि त्यावरचे लाल बुट्टे.

माघात वारा सुटला की पडद्याची कड उचले. एकदा लाल शेपटीचे टोक मला स्पष्ट दिसले. शेजाऱ्याच्याही ते ध्यानात आले असावे, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याने त्या कडेवर दौत ठेवायला सुरुवात केली. दौत माझीच होती.