ती सही माझीच होती

हे आमच्या ह्यांना ठाऊक नाही, लेकींना नाही. देवापुढे बसूनही कधी तोंडातून निघालं नाही. आज तुम्हाला सांगते—स्वल्प अडखळेन.

इथे कन्नड मुलखात, चामराजपेटेत आमचं धान्याचं दुकान. नव्वदच्या दशकात वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि ह्यांनी मला उभं केलं. निवडून आले खरं, पण नगरसेवकी केली ह्यांनीच! मी फक्त सह्या करायच्या, त्याही देवनागरीत. कन्नड बोलता येई, लिहिता कुठे येत होतं?

शेजारच्या वॉर्डातली सरोजक्का माझ्यासारखीच अपक्ष. सभागृहात "तुला काय वाटतं गं?" असं मला विचारणारी ती एकटीच. तिनंच मला कन्नड सही शिकवली. तिनं महापौरपदाचा अर्ज भरला, तेव्हा अनुमोदक म्हणून मी तीच सही ठोकली—ह्यांना न विचारता. आयुष्यात पहिल्यांदा! किती हलकं वाटलं होतं, काय सांगू.

निवडणुकीच्या सकाळी ह्यांच्या कानावर गेलं. ह्यांनी माझं मत आधीच दुसऱ्याला कबूल केलेलं. जेवता जेवता विचारलं, "तू सही केलीस?" आणि मी—मी "नाही" म्हणून बसले. मार बसला असता का? छे, हे हात उगारणाऱ्यांतले नाहीत. तरी जीभ रेटेना.

मग हे तरातरा सही खोटी असल्याची तक्रार घेऊन गेले. निवडणूक अधिकाऱ्यांनी भर सभागृहात मला अर्ज दाखवला. माझ्या आजवरच्या सगळ्या सह्या देवनागरी, ही एकच कन्नड. ती खोटी म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? "माझी नव्हे," म्हटलं.

"अगं, नीट बघ तरी," अक्का एवढंच म्हणाली. मी बघितलं नाही.

अर्ज बाद झाला. वर खोट्या सहीचा बट्टा. सकाळचं ते 'नाही' तेव्हाही मागे घेता आलं असतं—नाही का? घेतलं नाही.

पुढच्या निवडणुकीत अक्का पुन्हा वॉर्डातून उभी राहिली. तिच्याविरुद्ध पत्रकं निघाली: खोट्या सहीची बाई. ह्यांच्या माणसांबरोबर मीही ती वाटत फिरले. तिच्या घराशी आलो, तर दार बंद. कुणीतरी म्हणालं, हे घर सोडा. मी सोडलं नाही. दाराच्या फटीतून एक पत्रक आत सरकवलं.