अंगावरचा कापूस

“कापूस पोट्ट्यायच्या आंगावर ठेवला, म्हंजे उंदरायपासून वाचते अन् पोट्टेही गरम राह्यतात,” असं शकुन एकदा स्वतःशीच म्हणाली होती.

साल १८६४. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, तिकडचा कापूस येणं थांबलेलं, आणि त्यामुळे चांदूर बाजाराजवळच्या खुशालराव पाटलाच्या शेतातलं बोंडन् बोंड महाग झालेलं. शकुन तिथे वेचणीला जाई. मजुरी कापसातच मिळे, वेचलेल्या ढिगातला एक वाटा. भाव रोज चढत होता. जो तो कापूसच पेरत असल्याने ज्वारीही चढत होती. शकुनने ठरवलं, अजून चढू दे, मग विकू. नवरा वारलेला, झोपडीत उंदीर. तिने मजुरीचा सगळा कापूस तीन मुलांच्या कुडत्यांना अस्तर लावून आत भरला आणि शिवून टाकला.

मुलं गोल दिसू लागली. आंबील मागायला गेलं, की पाटलीण कौशल्याबाई दारातूनच म्हणे, “शकुन, हे तं कोहळे झाले वं. अजून काहून मागून राहिली?”

कापूस आहे म्हणावं, तर चोरीची भीती. शकुन हसून परत फिरे. घरी मुलं पाण्यात कालवलेलं पीठ पीत आणि अंगावरची श्रीमंती खाजवत बसत.

पुढच्या साली चैत्रात उन्हं तापली. थोरला सूर्यभान म्हणाला, “माय, मी शिजून राहिलो.”

“शिज बाप्पा. भाव चढून राहिला.”

वैशाखात लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळला. शकुन मुलांना घेऊन बाजारात शालिकराम व्यापाऱ्याकडे धावली. कुडती उसवेपर्यंत भाव आणखी पडेल, म्हणून तिने तिघांना तसंच काट्याच्या पारड्यात बसवलं.

“पोट्टे इकून राहिली का वं?” शालिकरामने विचारलं.

“पोट्ट्यायचं वजन वजा करा, शेठ.”

“ते मले काय मालूम?”

हमाल हसले. मग कुडती उतरवली आणि उघडी मुलं पुन्हा पारड्यात बसवली. पारडं जेमतेम हललं. कुठे अडकलं का, म्हणून एका हमालाने वाकून खाली पाहिलं. काही अडकलं नव्हतं. हमाल हसायचे थांबले.

शालिकरामने घसा खाकरला. “दोन मयने थांब, शकुनबाई. भाव पुन्हा चढंन. आज इकला तं पाचच पायल्या ज्वारी येईन.”

शकुनने कुडती त्याच्या पुढ्यात टाकली, ज्वारी बांधून घेतली, मुलांना पुढे घातलं आणि बाहेर पडली.